नळ आले की

तिसऱ्या तासाला डेलिगेट शिकवायचं होतं.
पुस्तकात बटण होतं, बटणाखाली क्लिक,
आणि बँकेचं खातं, ते तर सगळ्याच पुस्तकांत असतं.
मागच्या बाकावरून व्यंकट म्हणाला,
"मॅडम, मेथडला सरळ नावानं हाक मारता येती की.
मधी हा कोन?"

लॅबचे निम्मे मॉनिटर बंद. यूपीएस कुरकुरत होता.
मी खडू ठेवला अन् विचारलं,
तुमच्या गल्लीत पाणी कोण सोडतं?

"मस्तानसाब!" पाच-सहा जण एकदम.

उदगीरच्या आमच्या भागात
हे नाव माहीत नाही असं घर नाही.
सायकलच्या दांड्याला बांधलेली लोखंडी चावी,
खिशात रबर लावलेली डायरी.
अकराव्या दिवशी, कधी पहाटे तीनला, कधी भर उन्हात,
तो रस्त्यातलं झाकण उचलतो, वॉल्व्ह फिरवतो
आणि डायरीतल्या नंबरांना ओळीनं मिस कॉल देतो.

एवढंच.
पुढं कोण काय करतं त्याला ठाऊक नाही.
कलशेट्टींकडं मोटर लागते,
मोमीनांची धाकटी सून रांजण विसळायला घेते,
बिराजदार सर नुसती कूस बदलतात,
त्यांच्याकडं बोअर आहे.
नंबर म्हणजे घर नव्हे रे, मी म्हटलं,
नंबर म्हणजे घराकडं केलेलं बोट.

फळ्यावर लिहिलं:
घेणार काय? एक वेळ, पाण्याची.
परत देणार काय? काही नाही.
ही अट ज्याला मान्य, त्याचंच नाव डायरीत.
एकदा कुणीतरी म्हणालं होतं,
भरून झालं की आम्हीबी तुमाला फोन करू.
"मेरेकू नक्को बाबा," मस्तानसाब हसला,
"सुनने कू टैम किधर है?"

व्यंकटची मान हलली. आफरीननं विचारलं,
"आणि नाव काढायचं असंल तर?"
अधिक-बरोबर लिहिलं की जोडलं,
वजा-बरोबर लिहिलं की काढलं.
सोपंय, मी म्हटलं.
घंटा झाली.

खालच्या खोलीत सोजरबाई राहायची, माझी घरमालकीण.
तिचा फोन वाजला की ती तांब्यानं पाइपावर तीन ठोके द्यायची,
मग मी वर उठायचे.
माघात ती गेली. लेक गंगाखेडहून आला,
भांडी नेली, पलंग नेला,
खिडकीतला बटणांचा फोन विसरला.
तो अजून वाजतो. कुलपाआड, फरशीतून वर,
आणि मी उठते, हंडे लावते.
दर रविवारी किल्ली घेऊन खाली जाते,
फोन चार्जिंगला लावते.
आधी सोय म्हणून लावायचे.

पुढच्या प्रकरणात सफाई करणारा येतो.
ज्याच्याकडं कुणाचंच बोट नाही, ते तो उचलून नेतो.
एक जरी बोट असलं, तर हात लावत नाही.
पुस्तकात याला गळती म्हणतात.

परवा झाकणापाशी गाठलं मस्तानसाबला.
म्हटलं, सोजरबाईचा नंबर...
"मालूम है," तो म्हणाला, "मट्टी कू मैं था ना."
रबर काढलं, पान उलटलं, पेनाचं टोपण दातात धरलं.
"काढू का? उचलतं कोन तिथं?"
कुणी नाही.
"मग पानी कोन भरतंय?"
मी.
"तो बस, हो गया ना."

पेन माझ्याकडं केलं.
शेवटच्या ओळीखाली मी माझा नंबर लिहिला,
वरचं काही खोडलं नाही.

आता दोन फोन वाजतात.
खालचा आधी. मधे कलशेट्टी, मोमीन, सर,
सगळ्या गल्लीचं होईपर्यंत
मी अंधारात पडून असते, पायांत चप्पल घालून.
मग माझा.
ज्या क्रमानं जोडलं, त्याच क्रमानं हाक जाते,
हे वर्गात सांगायचं राहिलंय.