अर्थ

धरणगावच्या जिनिंगमागच्या शेडमध्ये
लँडमास्टर एकोणतीस वर्षं उभी.
एअर क्लीनर उघडला, तर आत सरकीसकट
उंदरिणीची बाळंतखोली.

इंजिन झुलाल मिस्तरींचं, वायरिंग माझं,
अशी वाटणी.
ते टॅपेटवर स्क्रूड्रायव्हर टेकवून
मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात;
मी मीटर घेऊन डॅशबोर्डखाली उताणी.
वायरी सगळ्या कापडी, सुती,
आता एकाच मातकट रंगाच्या.
फक्त रबरी बुशाच्या आत, जिथे ऊन पोचलं नाही,
तिथे जांभळी अजून जांभळी.

या गाडीचं सगळं उलटं: प्लस बॉडीला.
तीन दिवस मी हे घोकत होते,
तरी दिवा लावला की हॉर्न कण्हायचा,
ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा डोलायचा.
बॅटरी नवी. आर्मेचर भरून आणलेलं.

"करंट तं ई राह्यना," मिस्तरी म्हणाले.
येतोय हो.
परत जायला वाट नाही त्याला.

सापडलं ते बोनेटखाली:
अर्थच्या पट्टीखाली रंग.
मिस्तरींनीच मारलेला, तीन हात,
आमसुली, आरशासारखा.
मी बोलले नाही. नुसतं बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा चढवला, वाकले,
खिशातून घराची किल्ली काढून
आपल्याच रंगावर फिरवली करकर,
रुपयाएवढं लोखंड उघडं होईपर्यंत.

"आते दाब."

पत्र्यावरची कबुतरं उठली,
आणि पलीकडे गाठी वाहणारे दोन हमाल
वाट द्यायला बाजूला सरकले.
गाडी अजून विटांवरच होती.