व्यवसाय : विद्यार्थी

वयाच्या रकान्यात अठ्ठेचाळीस,
त्याखाली व्यवसाय : विद्यार्थी.
असे अर्ज मी तेवीस वर्षं भरून दिले
पोराटोरांचे, सावद्यात, खतांच्या दुकानावरच्या क्लासात,
युरियाचा वास नाकात घेऊन.
हा पहिलाच, ज्यावर फोटो माझा.
आडनाव फिरके,
त्यामुळे विनोद गावानं आधीच करून टाकला.

एजंट जळगावचा, रिंग रोडला बसतो.
म्हणाला, मॅडम, शिकवायला तुम्हाला कोण बोलावतंय?
आधी त्यांची भाषा शिकायला जा,
मग फावल्या तासांत शिकवा इंग्रजी.
फावले तास मला नवे नाहीत.
कॉलेजात तासिका तत्त्वावर होते, सतरा वर्षं,
घंटा वाजली की पगार थांबायचा.

थारागोथाच्या एका बाईंनी व्हिडिओवर मुलाखत घेतली.
नेमकी लाइट गेली,
मोबाइलच्या उजेडात मी भूत दिसत असणार.
त्यांनी विचारलं, इंग्रजी तुमची मातृभाषा का?
माझी माय केळीला केयी म्हणायची, डोळ्यांना डोये,
आणि इंग्रजीला नुसतं – तठलं.
हे सांगायला दोन भाषा कमी पडल्या.
नो मॅम, म्हटलं, बट –
आणि त्यांचा चेहरा पडद्यावर गोठला,
भुवई अर्धी वर.
पुढे मेल आला नाही.
ती भुवई मात्र अजून तशीच आहे.

नणंद म्हणते, "वहिनी, तठी भरीत भेटीन का?"
वांगी असतात म्हणे, लांब, काळी.
"वांगी असतीन व. पन भाजशीन कशावर?
पऱ्हाट्या कुठी आनशीन?"
एवढ्या कागदांत, शिक्क्यांत, पोलिसांच्या दाखल्यात
हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

मुरलीधर काही विचारत नाही.
दीपनगरच्या बॉयलरवर तीस वर्षं, कानानं थोडा कमी,
म्हणून रात्री स्पॅनिशचं पुस्तक तो धरतो
आणि मी पाठ म्हणते, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
आब्लो, आब्लास, आब्ला.
चौथ्या रात्री चष्मा वर करून म्हणाला,
अगं, यांच्यातही 'मी' लागत नाही की.
बोलते म्हटलं की आलीस तू त्यात.
बरोबर होतं.
इंग्रजीत दर वाक्याला उभं राहावं लागतं,
कॅपिटल, ताठ, एकटं.
दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाला,
जेवतो.
म्हणजे कोण, ते सांगायची गरज नव्हती.

फाट्यावर केळीचे ट्रक भरतात.
घड हिरवाच तोडतात,
पिकायला पुढची वाट असते.
पिवळा पडलेला बाजूला, बकऱ्यांना.
तिथून जाताना मी जरा भरभर चालते.

क्लासची किल्ली परत द्यायच्या दिवशी
सिकंदर तडवी आला, पालहून, दोन एसट्या बदलून.
घरी तडवी, शाळेत मराठी, माझ्याकडे इंग्रजी,
फी कधी पैशात, कधी मधाची बाटली.
म्हणाला, मॅडम, एक डाउट.
तुम्ही स्पेनला जाणार – याला विल, की गोइंग टू?

मीच शिकवलेलं :
आधी ठरलेलं असेल तर गोइंग टू,
बोलता बोलता ठरलं तर विल.
खडू हातात होता.
खाली कुणीतरी पोतं आपटलं, फळा हलला.
मी दोन्ही लिहिले.
कोणतं खोडायचं ते बघू, म्हटलं,
आणि डस्टर शोधायला लागले
जे सकाळीच दुकानदाराच्या पोराला
देऊन टाकलं होतं.