वरून

ग्वाल्हेर. लष्करमधली जुनी कचेरी.
परदेशातून आलेली तपासनीस बाई विचारते,
मालखान्यातली फाइल कोणी हलवली?
यादोराव फाटक, निवृत्त कारकून,
चष्मा पुसत राहतात.
मग म्हणतात, वरून सांगितलं होतं.

मी दुभाषी. तिच्या भाषेत ठेवते शब्द.
तिचं पेन थांबतं :
वर म्हणजे कोण?

फाटक वर बघतात.
पंखा. छत. छतावर कबुतरं,
त्याहून वर किल्ला,
ज्यानं कधीच कुणाला काही विचारलं नाही.

आमच्याकडेही होता हा शब्द, ती सांगते.
बारा वर्षं लागली
त्याचं नाव कळायला.

एवढं मी मराठीत आणते तोवर
चहावर साय धरलेली.
फाटक उठून दार लावतात,
खुर्ची ओढतात माझ्याजवळ.
हळू लिहा, म्हणतात,
आडनावात जोडाक्षर आहे.