अठरा जर्स्या

मी सामना बघत नाही.
सोमवारी पहाटे बॅग दारात येते,
चेन ओढली की मला निकाल कळतो.
हरलेल्या जर्स्या उलट्या काढलेल्या असतात,
बाह्या आतच अडकलेल्या.
जिंकलेल्यांना बिअरचा वास.
बरोबरी मात्र ओळखू येत नाही,
बरोबरीत नुसता घाम.

फेब्रुवारीत लीग सुरू झाली. सोळा संघ,
त्यांत सर्वांत उंचावरचे आणि सर्वांत फाटके आम्ही:
देपोर्तिवो एस्तान्यो.
कथलाच्या नावाचा क्लब; कथलाची खाण बंद पडून
वीस वर्षं झाली.

इथे चार हजार मीटरवर
पाहुणे विसाव्या मिनिटाला आ वासतात,
तेवढ्यात आमचे दोन गोल होऊन जातात.
खाली सांता क्रूझच्या उकाड्यात
आमची पोरं विरघळतात,
जर्स्या येतात भिजल्या घोंगडीसारख्या जड.
वर जिंकायचं, खाली हरायचं.
पोहऱ्यासारखा हंगाम.

सतरा नंबर, एद्मार मोये.
नदीकाठचा, सपाट मुलखातला, एकोणीस वर्षांचा.
पहिले दोन महिने त्याच्या जर्सीवर फक्त ओकारी.
मी घासायची आणि म्हणायची,
बाळा, फुप्फुसं काही धुऊन देता येत नाहीत.
त्याच्या मोज्यात रानपुदिन्याची चार पानं ठेवायची.
कोका नाही. कोकाने पोरगं तपासणीत अडकलं असतं.
एप्रिलात पहिल्यांदा सतरावर गवताचा डाग आला.
गवत म्हणजे पडला.
पडला म्हणजे धावला.

पगार मार्चपासून नाही. ना त्यांना, ना मला.
अध्यक्ष दोन फ्रोइलान दर शुक्रवारी येऊन सांगायचे,
दम धरा.
एद्मार हसला. म्हणाला, मावशी,
मी आत्ता कुठे दम धरायला शिकलो.

जूनमध्ये एका रात्री जर्स्या दोरीवरच गोठल्या.
सकाळी अठराच्या अठरा ताठ, हात पसरून,
जशा काही पंचाशी भांडताहेत.
सातला वाकवायला गेले
तर बाही मोडेल असा आवाज आला.
ऊन येईपर्यंत राहू दिल्या तशाच.
अख्ख्या हंगामात आमचा बचाव
एवढा एका रांगेत कधी उभा राहिला नव्हता.

ऑगस्टात माझाही दम संपला.
दोरी सोडली, नेऊन क्लबच्या फाटकाला बांधली,
आणि न धुतलेल्या अठरा जर्स्या टांगल्या,
चिखल, रक्त, सगळ्यांसकट.
लक्तरं वेशीवर टांगतात म्हणे.
माझ्याकडे चिमटेही होते.
संध्याकाळी दोन फ्रोइलान नाकाला रुमाल लावून आले,
मला एका महिन्याचे पैसे, पोरांना पंधरा दिवसांचे.
गोलकीपर हळूच म्हणाला,
अजून दोरी आहे का गं?

मग डिसेंबर. पाऊस.
शेवटचा सामना खाली, नेमका.
जिंकलो तर राहू; नाहीतर दुसरी श्रेणी,
तिथे बसचं भाडंसुद्धा सुटत नाही.
जर्स्या वाळेनात. चुलीवर धरल्या, इस्त्री फिरवली,
सतरा नंबर तर रात्रभर पाठीखाली घेऊन झोपले.
तरी दमटच गेल्या.

सोमवारी बॅग आली.
हलकी.
चेन ओढली.
आत एकही जर्सी नाही.

जिंकले की पोरं जर्स्या लोकांत भिरकावतात.
आणि पगार बुडाला की जर्सीच पगार समजून घेऊन जातात,
बाजारात विकतात, मिळेल त्या भावाने.

बसवाल्याला ठाऊक होतं. तो तोंड उघडतच होता,
मी हात वर केला, ऑफसाइडसारखा.

बॅगेच्या तळाशी एक मोजा.
त्यात पुदिना, भुकटी झालेला.
हुंगला. अजून तिखट होता.

पाऊस थोडा थांबला होता.
दोरीवर चिमटे रिकामे.
मी बॅग उलटी केली
आणि आतून साबण लावला.