क्रियापदाचा शेवट

सेमारांगच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
देमाकहून बसने आलेलं एक पोर.
वय तेरा. आवाज गेल्या महिन्यात फुटलेला.
वहीवर नाव विनार्सिह,
शेवटच्या अक्षरावर अंगठा.

रिपोर्ट मी दोनदा वाचला :
एक एक्स, एक वाय,
आणि एक विकर, कामात कच्चं.
म्हणून आईच्या पोटात
शरीराला निरोप अर्धाच पोचला.
सुईणीने दिसलं ते सांगितलं.
तिचं काही चुकलं नाही.

रेत्नोबाई फॉर्म घेऊन बसतात.
खेळ कोणते? मैत्री कुणाशी? मोठेपणी कोण व्हायचंय?
पोर सांगतं, मला जाळं विणता येतं,
बाबांपेक्षा घट्ट.
याला फॉर्मवर रकाना नाही.
रेत्नोबाई समासात लिहून घेतात.

यांच्या भाषेत तो आणि ती एकच शब्द.
पंचाईत माझी.
रात्री फोनवर घरी सांगू लागले,
आज एक पेशंट आला... आली...
जीभ क्रियापदाच्या काठावर अडली.
आपल्याकडेही मूल 'ते' असतं म्हणा,
पण थोडीच वर्षं.
पुढे कुणीतरी हिशेब मागतंच.

निघताना आईने विचारलं,
नाव बदललं तर खीर करावी लागते,
तांबडी नि पांढरी.
तांदूळ कधी भिजत घालू?
रेत्नोबाई म्हणाल्या, घाई नाही.
पोर म्हणालं, बसची आहे.

रजिस्टरवर सही केली, विनार्,
आणि पेन तसंच उघडं ठेवून
जिना उतरून गेलं.