नेटिव्ह

उद्यमबागेत भट्टी निवल्यावर
शेडमागच्या खोलीत मी कोड बांधत बसते.
ईरण्णा म्हणतो, कट्टोदु.
त्याच्याकडेही घर आणि गाठ एकाच क्रियापदात.

ओ-टू की ओ-थ्री?
ओ-थ्रीला दम नाही,
लूप सोलून सरळ रांगेत मांडते,
फाइल फुगते, पंखा धापा टाकतो.
फास्ट-मॅथ तर परवाच काढलं:
बोअरच्या मापातले पाच मायक्रॉन कुठे गळाले
ते आमणगी मेस्त्रींच्या जुन्या डायलनं पकडलं,
स्क्रीनवर सगळं हिरवंच होतं.

मग मार्च इक्वल टू नेटिव्ह.
म्हणजे, ज्या मशीनवर जन्मलास त्याचाच होऊन राहा.
हा शब्द मला आधी शाळेच्या फॉर्मवर भेटलेला;
बाबा तिथं पेन टेकवायचे
आणि शाईचा ठिपका मोठा होत जायचा.

लावला. अकरा टक्के वेग. चहा झाला.

तीच फाइल पेन ड्राइव्हवर शिनोळीला नेली.
जवळच आहे, फक्त नंबरप्लेटा बदलतात.
तिथल्या जुन्या पीसीनं एकच ओळ टाकली:
इल्लीगल इन्स्ट्रक्शन.
"पोलिसांना बोलवालंय काय गं हे?" ईरण्णा.
मला हसू उशिरा आलं.

रात्री परत बांधलं.
ओ-टू. नेटिव्ह काढून.
दोन्हीकडच्या मशीनना कळतील तेवढ्याच सूचना.
अकरा टक्के गेले, जाऊ देत.
चौदा मिनिटं लागतात;
तेवढ्यात मेकफाइलीत मी टीप लिहिली,
का काढलं ते, मराठीत.
खाली ईरण्णानं तेच कन्नडमध्ये.

मशीन टिपा वाचत नाही.
त्याच्या ओळीत एक शब्द जास्त आहे.
अजून विचारलेला नाही.