चारशे दहा

ब्राउझरच्या डोक्यावर ती चौकट उगवते
ओशाळलेल्या पाहुण्यासारखी:
सूचना पाठवू का? हो. नको.
तिच्यावर मी तीन रविवार घालवले
धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याची कुरकुर ऐकत.
आणि सूचना तरी कसली, तर
'उद्या गुरुवार. पाणी नाही. भरून ठेवा.'

सोसायटीतलं पहिलं 'हो' खांबेट्यांचं.
तेही चष्मा पुसून, चौकट दोनदा मोठ्यानं वाचून.
'परवानगी नेमकी कशाची?
रात्री-अपरात्री वाजणार का?
आणि एकदा दिलेली परत घेता येते ना?
मग तसं लिहा खाली.'
लिहिलं.

पान मिटलं तरी मागे एक मुनीम जागा असतो,
निरोप आला की तोच उठून सांगतो,
हे त्यांना समजावताना
माझंच मला नवल वाटलं.
ते म्हणाले, 'पगार किती त्याला?'

बुधवारी सहाला मी बटण दाबायचो.
निरोप कुठल्या तरी परमुलखातल्या यंत्राला शिवून
परत धनकवडीत,
माझ्याच पायाखालच्या घरात.
सव्वासहाला खांबेट्यांचा फोन:
'पाणीपुरवठा हा एक शब्द आहे.'

मागच्या बुधवारी दोनशे बारांतले दोनशे अकरा पोचले.
एका पत्त्यावरून आकडा परत आला.
चारशे दहा.

चारशे चार म्हणजे सापडत नाही;
त्यात शोधायला अजून जागा असते.
चारशे दहा म्हणजे
होते, आता नाहीत.
नाव काढा यादीतून, पुन्हा विचारू नका.

मी ओळ पुसली नाही.
आठवत राहिलो, जिन्यात त्यांचा खोकला
शेवटचा कधी ऐकला. सोमवारी? रविवारी?
खाली जाऊन बेल दाबावी, तर
काय म्हणून दाबायची?
त्या रात्री एवढंच केलं:
दिवा मालवला आणि जागा राहिलो.

सकाळी तोंडभर साबण,
आणि नळानं एक लांब सुस्कारा टाकला.
गुरुवार.
माझ्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये
मी कधीचं सगळ्यांनाच 'नको' म्हणून ठेवलंय.

तेवढ्यात दार वाजलं.
ना चौकट, ना हो, ना नको,
नुसतं मुठीनं, तीनदा.

खांबेटे. हातात भरलेली बादली,
बनियनवर सांडलेलं पाणी.
'डक्टमधून तुमचा नळ ऐकला. कोरडा.'

मी साबणातूनच विचारलं, तुम्ही… तुमचं…
'बंद केलं ते. आता बुधवार आला की
हात आपणहून पिंपाकडे जातो.
मग ती टिंग कशाला?'

जिना उतरताना खोकले,
आणि वळणावरून ओरडले,
'बादली संध्याकाळी परत.
कडीला हिरवा दोरा आहे,
बदलू नका.'